खरवडलेला कोनाडा

आबा, खरवडायचंच होतं तर माझ्या डोळ्यांदेखत कशाला खरवडलंत? मी घरी जाईपर्यंत थांबला असतात तर काय बिघडलं असतं? चौदा वर्षांची होते मी. देवळाच्या सभामंडपातला डाव्या अंगाचा दिव्याचा कोनाडा, हातभर रुंद, तेवढाच काय तो राहिला होता. तुम्ही तापाने फणफणून घरी पडलेले. चुना मळून तयार, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी त्यात पडलेलं, तो काही तुमचा ताप उतरायची वाट बघणार नव्हता. म्हणून मी केला. तिसऱ्या दिवशी तुम्ही घोंगडी पांघरून आलात, कोनाड्यापुढे उभे राहिलात, बोटाच्या पेराने दोनदा वाजवून बघितलंत, वाकून खालचा कोपरा बघितलात आणि थापीची धार लावून सगळा गिलावा खाली पाडलात. ओलाच होता अजून, शिऱ्यासारखा निघाला. पुजारी बघतोय, दोघे बिगारी बघतायत. सगळं पडल्यावर एवढंच म्हणालात, "घमेलं भर." आणि मी माझाच गिलावा माझ्याच हाताने घमेल्यात भरला आणि देवळामागच्या खड्ड्यात टाकून आले. याला चाळीस वर्षं झाली. तुम्हाला जाऊनच वीस झाली. मी मात्र अजून त्या खड्ड्यापाशी उभी आहे. काय चुकलं होतं ते सांगा.

आता हे मधेच का काढलं, असं म्हणाल. तुम्हाला सवयच होती तशी, कुणी काही विचारलं की आधी "मधेच काय" म्हणायचं. तर ऐका. मी अमेरिकेत आहे. हसू नका. पोराकडे आलेय सहा महिन्यांसाठी, शिकागोच्या बाहेर नेपरव्हिल म्हणून गाव आहे तिथे. घर मोठं आहे, दोन मजली, पण भिंती पुठ्ठ्याच्या. खोटं नाही सांगत. आल्या दिवशी मी सवयीने पेर वाजवून बघितलं तर आतून रिकाम्या डब्यासारखा आवाज. पोरगा वरून ओरडला, "आई, भिंत ठोकू नकोस, ड्रायवॉल आहे, भोक पडेल." ज्या भिंतीला पेर वाजवायची भीती, ती कसली भिंत? तो म्हणाला इथे सगळ्यांची अशीच असतात. मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण सहा महिने दुसऱ्याच्या घरात राहायचं म्हणजे थोडं शिकावं लागतं. सकाळी दोघं लॅपटॉप उघडून बसतात, नात शाळेत जाते, आणि मी या खिडकीतून त्या खिडकीत. रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही. भांडायला तरी कुणी हवं की नको?

मे महिन्यात त्यांची जोडून सुट्टी आली. ॲरिझोनाला जायचं ठरलं, विमानाने. तिकडे वाळवंट आहे, डोंगर बघायचे, आणि एक खूप जुनं चर्च बघायचं. ऐन वेळी पोराचं ऑफिसचं काही निघालं, तो म्हणाला माझं कॅन्सल करा. सून म्हणाली, "तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत यार, तू बस इथे, आम्ही तिघी जातो." सून पुण्याची आहे, गाडी चालवते, तोंडाने फटकळ आहे. माझं तिच्याशी पटतं ते त्यामुळेच. नात नऊ वर्षांची. मराठी कळतं सगळं, उत्तर देते अर्ध्या इंग्रजीत, आणि शाळेत स्पॅनिश शिकते. ते पुढे कामाला आलं.

ते चर्च लांबूनच दिसलं, आबा. सपाट तपकिरी जमीन, काटेरी निवडुंग माणसाएवढे, आणि त्यात एकदम पांढरंशुभ्र. मी गाडीत ताठ बसले. सून म्हणाली, "काय झालं आई, उलटी होतेय का?" म्हटलं, हा रंग नाही, हा चुना आहे. ती म्हणाली, पांढरा रंग आहे हो. आता तिला कसं सांगणार? रंग उन्हात डोळ्यांवर येतो, चुना येत नाही, तो ऊन आत घेतो. तुम्हीच म्हणायचात. दारात मी चपला काढल्या. फरशी अशी तापलेली की मी टाचांवर नाचत आत गेले. सून मागून, "आई, इथे चपला काढत नाहीत." म्हटलं, आत देव आहे ना? मग आपण काढायच्या, बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघावं. नातीने माझ्याकडे बघून आपले बूट काढले, मग सूनबाईंनी पण काढले, तोंड वाकडं करून. आम्ही तिघीच अनवाणी. एका गोऱ्या बाईने आमच्या पायांचा फोटो काढला.

आत गार. जाड भिंती, तीन-चार हात तरी. लाकडी संत, अंगावर खऱ्या कापडाचे झगे, अगदी आपल्या देवीला नेसवतात तसे. एका मूर्तीच्या पांघरुणाला लोकांनी पत्र्याचे एवढे एवढे हात, पाय, डोळे टाचून ठेवले होते. नात विचारायला लागली हे काय. म्हटलं नवस आहे बाळा, ज्याचं जे दुखतं ते. हे मला कुणी सांगावं लागलं नाही. तिथे एक म्हातारे गृहस्थ माहिती सांगत होते. स्पेनहून पाद्री आले, कोण कधी आला, कुणी पाया घातला, कुणी घुमट चढवला, सगळी नावं त्यांना तोंडपाठ. दोनशे वर्षांच्या वरची गोष्ट. सून मला मराठीत सांगत होती. मी म्हटलं, ह्यांना विचार गिलावा कुणी केला. सून म्हणाली, "आई, असलं काय विचारायचं?" तर नातीने विचारलं. त्यांनी मान हलवली. इथल्याच आदिवासी लोकांनी केलं म्हणाले, बायका, पुरुष, सगळ्यांनी. नावं कुणाचीच लिहिलेली नाहीत. मला ठाऊकच होतं. आपल्या देवळातही पाटी आहे, देणगी देणाऱ्यांची. तुमचं नाव कुठाय?

मग ते पुढे गेले आणि मी मागे राहिले. आणि मला राहवलं नाही. मी भिंतीला पेर लावलं. टक टक. भरीव. दोन पावलं पुढे, टक टक. भरीव. काय भिंत होती, आबा. हात फिरवला तर थंड आणि गुळगुळीत, घोटलेली. मी वाजवत वाजवत एका कमानीशी पोचले, आणि तिथे आवाज बदलला. बद्द. गिलावा भिंतीला सोडून आलेला, आत हवा. तेवढ्यात ते म्हातारे गृहस्थ हात हलवत आले, नो टच, नो टच. सून लाल झालेली. "आई, काय करताय, पोलिस बोलावतील ते!" मी म्हटलं, बोलावू देत, आधी त्यांना सांग की इथे पोकळ आहे, उद्या एखाद्याच्या डोक्यात पडेल. आणि आवाज ऐकून बाजूच्या दारातून एक बाई आली. तिकडे परांची बांधलेली होती, काम चालू होतं. माझ्याच वयाची, काळीसावळी, ठेंगणी, डोक्याला रुमाल, आणि हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे. ती त्या गृहस्थांशी बोललीच नाही. सरळ कमानीशी आली, पेर वाजवलं, माझ्यासारखंच, मधल्या बोटाचं. टक टक. बद्द. माझ्याकडे बघितलं. खिशातून खडू काढला, त्या जागेभोवती गोल केला आणि स्पॅनिशमधे काहीतरी विचारलं.

"आजी," नात म्हणाली, "शी इज आस्किंग, तुम्ही पण हे काम करता का?"

आता काय सांगू? हो म्हणू? मी चुन्याच्या घाणीच्या मागे चालले. चौथीतून काढलंत मला, कारण रेड्यामागचा माणूस पळून गेला होता आणि भाऊ लहान होता. गोल चर, त्यात दगडी चाक, रेडा ओढतोय आणि मी फावड्याने चुना वरखाली करतेय, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. हिरडे कुटले, गूळ भिजवला, ताग बारीक कापला, बेलाचा गर काढला. पायांच्या बोटांची सालं निघायची, आई रात्री तेल लावायची. पण भिंतीला हात लावू द्यायचा नाही. बाईच्या हाताचा गिलावा धरत नाही, असं तुम्ही म्हणायचात, तुमचे वडील म्हणायचे. जो चुना मी मळला तो माझ्या हातून भिंतीला धरणार नाही, हे कसलं शास्त्र? मी तेव्हाही विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "मधेच काय."

नातीला म्हटलं, सांग, माझे वडील करायचे.

ती बाई आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेली. सून म्हणत होती उशीर होतोय, पण तिला पण बघायचं होतं, मला कळत होतं. तिथे चुन्याच्या टाक्या, वाळूचे ढीग, आणि पिंपात निवडुंगाची पानं कापून भिजत घातलेली. ते पाणी हाताला बुळबुळीत लागतं, भेंडीसारखं. ते चुन्यात घालतात, म्हणजे धरतो आणि पाऊस आत घेत नाही. आपला गूळ-हिरडा, त्यांचा निवडुंग. नातीने कसंबसं सांगितलं की मधे कधीतरी कुणी ह्या भिंतींना सिमेंट लावलं होतं, आत ओल कोंडून विटा कुजायला लागल्या, म्हणून ते सगळं काढून आता पुन्हा चुना करतायत. हे ऐकून मला तुमची आठवण आली, खोटं कशाला बोलू. देवळाची पंच मंडळी सिमेंट म्हणत होती तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, भिंतीला पण श्वास लागतो, तिचं नाक दाबू नका. लोक हसले होते. त्यात तुमचं बरोबर होतं. जे बरोबर ते मी बरोबरच म्हणते. तुम्ही कधी म्हणालात का?

परांचीवर चौघं होते, त्यात दोन बाया. एक तर पोरगी, कानात काहीतरी घालून गाणी ऐकत गिलावा करतेय. कुणी तिला काही म्हणत नाही. भिंत धरतेय. मी किती वेळ बघत राहिले माहीत नाही. त्या बाईने थापीवर चुना घेतला आणि माझ्यापुढे धरला. मी थापी तिच्या हातातून घेतली, उलटी केली. चुना खाली पडला. म्हटलं नातीला, सांग, पाणी जास्त झालंय, थापी उलटी केली तरी चिकटून राहिला पाहिजे. सून म्हणाली, "आई, त्यांना कुठे शिकवताय!" पण ती बाई हसली, पोरीकडे बघून काहीतरी ओरडली, पोरीने जीभ बाहेर काढली. पाणी त्या पोरीने घातलं होतं. मग बाईने कुंपणाची बुटकी भिंत दाखवली, नवीन माणसं जिथे हात बसवतात ती, आणि नवा चुना काढून दिला.

मी पदर खोचला. आबा, हात विसरला नव्हता. चाळीस वर्षं भाकरी थापल्या, शेणाने सारवलं, तीच काय ती थापाथापी, पण मनगटाला आठवत होतं. भिंत आधी ओली केली, मग खालून वर, दाबून, एका दमात. हे मला कुणी शिकवलं नाही. घाणीच्या मागून, रेड्याच्या पाठीवरून मी तुमच्या हाताकडे बघत होते, रोज. तुम्ही म्हणायचात, खाली बघ, चुना बघ. मी तुमचं मनगट बघायचे. रंधा फिरवून सपाट केलं. मग तिने मला घोटायला गोटा दिला, नदीतला, अंड्याएवढा, एका बाजूने झिजलेला, आणि तो हातात आला. मी खाली बसले. सूनबाई धावत आली, पाणी दे, ऊन लागलं, वगैरे. ऊन नव्हतं लागलं. तसलाच गोटा माझ्या घरी आहे. माझ्या लग्नात, पेटी उचलायच्या वेळी तुम्ही तो साड्यांच्या मधे सरकवला होतात. मी विचारलं हे काय, तर म्हणालात, "राहू दे, मीठ वाटायला होईल." मी छत्तीस-सदतीस वर्षं त्याच्यावर मीठ वाटलं. मिरच्या वाटल्या. तुमचा घोटायचा गोटा, ज्याला हात लावायची भावालाही परवानगी नव्हती, आणि मी त्याने लसूण ठेचला. मीठ वाटायला दुसरा दगड मिळाला नसता का तुम्हाला?

तर मी घोटलं, होईल तेवढं. हातभर तुकडा झाला, कोनाड्याएवढाच. मागे सरकले. ती बाई आली, पेर वाजवलं दोनदा, वाकून कोपरा बघितला. अगदी तसंच. आणि तिने थापीची धार उचलली.

मी ओरडले, आबा. "खरवडू नका!" मराठीत, अंगणभर. परांचीवरची माणसं थांबली, पोरीने कानातलं काढलं, नात घाबरून आईला चिकटली. ती बाई तशीच उभी, धार हवेत. मग तिने हळूच थापी उलटी केली आणि तिची मूठ माझ्या हातात दिली, आणि खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. नात म्हणाली, "आजी, शी वॉन्ट्स यू टू साइन. तुझं नाव लिही. सगळे लिहितात." त्या भिंतीवर खरंच होती, पाच-पन्नास नावं, खालच्या अंगाला, कुणाकुणाची.

मी नाव नाही लिहिलं. मी अंगठा दाबला. तुम्ही दाबायचात तसा, खालच्या उजव्या कोपऱ्यात, कुणाच्या नजरेला येणार नाही असा. त्या दिवशी कोनाड्यातही मी तेच केलं होतं. तुम्ही वाकून बघितलंत ते तेच, माझा बारका अंगठा, तुमच्या जागी. आणि इथेच माझं डोकं फिरतं, आबा. गिलावा वाईट होता म्हणून खरवडलात, की अंगठा माझा होता म्हणून? पेर वाजवलंत तेव्हा आवाज मी पण ऐकला होता. भरीव होता. की मला तसा वाटला? चौदा वर्षांच्या पोरीला काय कळतं? पण त्या बाईने वाजवला तेव्हाचा आवाज मला नक्की कळला, आणि तो अगदी तोच होता. गोटा दिलात म्हणून सगळं समजून घ्या, असं सून म्हणते. तिला गाडीत सगळं सांगितलं मी, विमानतळापर्यंत. ती म्हणाली, "अहो आई, ती त्यांची सॉरी म्हणायची पद्धत होती." असेल. नसेल. दगड बोलत नाही. मीठ वाटायला म्हणजे मीठ वाटायलाही असेल. मी तुमच्यासाठी तुमचं उत्तर तयार करत बसणार नाही, आयुष्यभर तुमचा चुना तयार केला तेवढा पुरे.

तीन महिने झाले त्याला. झोप लागत नाही धड. पोराने डॉक्टरचं काढलं, म्हणाला ब्लड प्रेशर चेक करू. म्हटलं काही नको, एक वही दे. नातीच्या उरलेल्या वहीत लिहितेय, अर्ध्या पानावर तिची गणितं आहेत. ती विचारते, "आजी, हू आर यू राइटिंग टू?" म्हटलं, माझ्या बाबांना. "बट ही इज डेड, ना?" म्हटलं, म्हणून तर लिहितेय, जिवंत होते तेव्हा कुठे ऐकत होते. हे कुठे टाकायचं नाही. पत्ता नाही आणि तुम्हाला वाचताही येत नव्हतं, तुम्ही कागदावर पण अंगठाच दाबायचात. वही बॅगेत तळाला ठेवीन.

एक सांगायचं राहिलं. निघताना त्या बाईने विचारलं होतं, हे कुणी शिकवलं. नात माझ्या तोंडाकडे बघत होती. कुणी नाही, असं म्हणायला हवं होतं, तेच खरं होतं, आणि मी खरं तोंडावर सांगणारी बाई आहे. मी म्हटलं, वडिलांनी. तिने मान डोलावली, जणू तिला माहीतच होतं. म्हणजे त्या भिंतीच्या हिशेबात तुम्ही माझे गुरू आहात. मी तुम्हाला फुकटात देऊन टाकलं ते.

आता तुमची पाळी. पितृपक्ष येतोय. भाऊ तिकडे तुम्हाला पान ठेवतो दरवर्षी, ते मला माहीत आहे. यंदा मी पण ठेवणार आहे, इथे मागच्या लाकडी ओट्यावर, वडे, खीर, आळूची भाजी सगळं करून. सून म्हणते शेजारी बोलतील, पोरगा म्हणतो प्राणी येतात. येऊ देत. कावळे इथेही आहेत, आपल्यापेक्षा थोराड. माझ्या हाताचं पान आहे, बाईच्या हाताचं, मुलीच्या हाताचं. गिलावा चांगला होता, असं म्हणायचं असेल तर येऊन शिवा. वाईट होता, असं म्हणायचं असेल तर येऊ नका, मी ते पण ऐकून घेईन आणि पुन्हा विचारणार नाही. पण मधलं काही चालणार नाही, आणि खारीने पळवलं तर ते उत्तर मी धरणार नाही. सर्वपित्रीच्या दिवशी, दुपारी बाराच्या आत. मी दारात उभी असेन.